पोच

आईच्या शेजारच्या सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी एका सत्तरीच्या गृहस्थांना काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानात बारीक शिट्ट्या सोडत होते. हाच माझा धंदा. शिट्टी ऐकू आली की त्यांनी बटण दाबायचं, नाही आली की गप्प बसायचं. सोपं वाटतं, पण माणसं गप्प बसत नाहीत. आपण बहिरे ठरू या भीतीने शिट्टी नसतानाही बटण दाबून मोकळी होतात. वीस वर्षांत मी अशी हजारो खोटी बटणं पाहिली आहेत आणि ती मला नुसत्या चेहऱ्यावरून कळतात, असा माझा तोरा होता.

"राग मानू नका ताई," सिस्टर म्हणाल्या. त्या निवृत्त नर्स, वसाहतीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. "पण तुमच्या आई रात्री मागच्या अंगणात बसतात. एवढ्या थंडीत. आणि कोणाशी तरी टकटक करतात."

"टकटक म्हणजे?"

"पेनाने पाटीवर. थांबून थांबून. म्हणजे कोणीतरी काहीतरी सांगतंय आणि त्या 'बरं' म्हणताहेत, अशी. मी दोनदा भिंतीवरून डोकावले. कोणी नव्हतं हो."

ती टकटक कसली ते मला त्याच क्षणी कळलं. काचेच्या खोलीतल्या गृहस्थांनी तेवढ्यात बटण दाबलं. मी काहीच सोडलं नव्हतं.

रात्री दादाला फोन केला. दादा पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला राहतो. तिथून आमच्या घरातले निर्णय त्याला फार स्वच्छ दिसतात. "तिला घेऊन ये तुझ्याकडे," तो म्हणाला. "एकटी बाई, चौऱ्याहत्तर वय, डोकं ठिकाणावर नाही."

"ते आधी बघायला नको का, आहे की नाही?"

"मग बघ. उल्कावर्षाव आलाच आहे की पुढच्या आठवड्यात. जा, एक रात्र बस तिच्याबरोबर, घे परीक्षा."

"आणि पास झाली तर?"

"तर बघू," दादा म्हणाला. म्हणजे पास झाली तरी आणायचीच.

आमचं घर म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वसाहतीतलं शेवटचं घर. बेचाळीस घरं, त्यातल्या चार घरांत दिवे. रस्त्यावरचे खांब आहेत, बल्ब नाहीत. इतरांना तो काळोख खायला उठायचा, बाबांना मात्र ते देवाने दिलेलं दान वाटायचं. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. दिवसभर दुसऱ्यांची नजर दुरुस्त करायची आणि हिवाळ्यात उल्का पडतात त्या दोन-तीन रात्री स्वतःची वापरायची. दूरच्या एका हौशी मंडळाला ते दरवर्षी उल्कांची मोजणी पाठवत. कोणी मागितली नव्हती, पण मंडळाकडून आभाराचं पत्र यायचं, आणि ते पत्र दुकानात महिनाभर काचेखाली असायचं.

मोजणीची आमच्या घरची पद्धत ठरलेली होती. तीन आरामखुर्च्या तीन दिशांना, मधल्या शेडपासून पंधरा पावलांवर, म्हणजे एकाचं बघून दुसऱ्याने उगाच ओरडायला नको. पूर्वेला मी, दक्षिणेला दादा, उत्तरेला बाबा. मधोमध सायकलींच्या जुन्या शेडमध्ये आई, आकाशाकडे पाठ करून, टॉर्चला लाल कागद गुंडाळून. ती लिहिणारी. उल्का दिसली की आम्ही नुसता आकडा ओरडायचा: पुसट असली तर एक, बरी असली तर दोन, लखलखीत असली तर तीन. आईने वेळ बघून ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहायचं आणि पेनाने कागदाखालच्या पाटीवर एकदा टक् करायचं. त्याला बाबा पोच म्हणत. पोच मिळाली की आपली उल्का लिहिली गेली. नाही मिळाली तर पुन्हा सांगायचं.

बाबा मात्र ओरडत नसत. बाबा तोतरे होते. 'दोन' म्हणेपर्यंत त्यांच्या पुढ्यातून आणखी दोन निघून गेल्या असत्या. म्हणून ते बोटाच्या पेराने खुर्चीच्या लाकडी हातावर ठोके द्यायचे. एक, दोन किंवा तीन. पोच आली नाही तर थोडं थांबायचे आणि तितकेच ठोके पुन्हा. कधी चिडून जोरात वाजवलं नाही, कधी हाक मारली नाही. वाट बघायचे.

आणि आई? कोर्टात स्टेनो होती ती, एकतीस वर्षं. साक्षीदार बोलेल ते लिहायचं, खरं-खोटं ठरवणारे वेगळे. अंगणातही तिचा तोच कायदा. लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही. चाळीस हिवाळे ती त्या शेडमध्ये बसली, हजारो उल्का तिच्या हातून कागदावर आल्या, आणि तिने एकही पाहिली नव्हती.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती. आई ठणठणीत दिसली. माझी बॅग हातातून घेतली, केस किती पिकलेत म्हणाली, रंग लावत जा म्हणाली, लावू नकोस म्हणाली. गॅस बंद होता. औषधांचा डबा वारांप्रमाणे लावलेला होता. मी चोरून सगळं तपासत होते आणि ती मला चोरून बघताना बघत होती.

"फ्रीजमध्ये पण बघून घे," ती म्हणाली. "बूट ठेवलेत का."

मी हसले. मनात म्हटलं, सिस्टरांना काहीतरी भास झाला असणार. मग मी मागच्या दाराने अंगणात गेले.

आईने खुर्च्या मांडल्या होत्या. दोन. एक पूर्वेला, माझी. एक उत्तरेला. उत्तरेच्या खुर्चीवर बाबांची घोंगडी घडी करून ठेवली होती, आणि खुर्चीच्या हाताखालची धूळसुद्धा पुसलेली होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"ही असतेच."

"आई, तिथे कोणी बसणार नाहीये."

"तू पूर्वेचं बघ," आई म्हणाली. "तुझी दिशा ती आहे."

दहाच्या सुमाराला आम्ही बसलो. थंडी मी म्हणत होती. मी कानटोपी खाली ओढून, अंगावर दोन पांघरुणं घेऊन आडवी झाले. आकाश तसंच होतं, लहानपणी होतं तेवढंच जवळ. पाचेक मिनिटांनी पहिली निसटली.

"दोन!"

टक्, शेडमधून.

त्या आवाजाने मला एकदम रडू आलं. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही बोलण्याला कोणी इतक्या तत्परतेने पोच दिली नव्हती. पण मी परीक्षा घ्यायला आले होते. मी ठरवूनच आले होते की मधूनच खोट्या उल्का सांगायच्या आणि वेळ लक्षात ठेवायची. मग सकाळी कागद तपासायचा. वेळ चुकली असेल, आकडा चुकला असेल, किंवा काही गाळलं असेल तर डोकं कुठे अडखळतंय ते कळेल. साडेदहाला रिकाम्या आकाशाकडे बघत मी "एक" म्हटलं. टक्. अकरा वाजून दहा मिनिटांनी "तीन". टक्. तिला फसवताना मला लाज वाटत होती, आणि दर वेळी पोच येत होती.

मग साधारण साडेअकराला शेडमधून टक् आलं आणि मी काही बोललेच नव्हते.

मला वाटलं, पेन पडलं असेल. दहा मिनिटांनी पुन्हा टक्. मग लागोपाठ दोन. मी आकाश बघायचं सोडून कान देऊन पडून राहिले. कान देणं हे माझं काम आहे, पण कानटोपीतून मला बाकी काही ऐकू आलं नाही. नुसती आईची पोच. सिस्टर म्हणाल्या होत्या तशीच. कोणीतरी काहीतरी सांगतंय आणि ती बरं म्हणतेय.

उत्तरेची खुर्ची शेडच्या पलीकडे होती. माझ्या जागेवरून दिसत नव्हती. उठून बघावं असं मला सारखं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, स्वतःच्या आईच्या अंगणात पांघरूण नाकापर्यंत ओढून पडले होते.

अडीचला आईने टॉर्च दोनदा उघडझाप केली. म्हणजे चहाची सुट्टी. स्वयंपाकघरातला मोठा दिवा न लावता, कोपऱ्यातल्या लाल दिव्यातच तिने पाणी ठेवलं. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून हा दिवाही बाबांनी लावलेला. पाटी टेबलावर होती. मी ती ओढून घेतली.

तीन रकाने आखलेले. दक्षिणेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ होती. दादा गैरहजर. पूर्वेच्या रकान्यात माझ्या अठ्ठावन्न नोंदी, वेळेसकट, त्या तिच्या छापल्यासारख्या अक्षरात. आणि उत्तरेच्या रकान्यात एकोणीस.

"आई, हे काय आहे?"

"उत्तर."

"जिवंत माणूस गैरहजर, आणि मेलेला हजर?"

"दादाचं काही ऐकू आलं नाही," आई शांतपणे म्हणाली. "यांचं आलं. ऐकू येतं ते मी लिहिते."

माझा आवाज चढला. मला वाईट वाटत होतं म्हणून चढला, तिला तो रागाचा वाटला असेल. मी तिला समजावलं की थंडीने जुनं लाकूड आक्रसतं, कटकट वाजतं. मन एकटं असलं की त्यात त्याला हवं ते ऐकू येतं. माझ्याकडे रोज अशी माणसं येतात, शिट्टी नसताना बटण दाबतात, ती वेडी नसतात, घाबरलेली असतात. मी तिला म्हटलं की तू घाबरलेली आहेस, एकटी आहेस, आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर येते आहेस.

"लाकूड वाजतं, कबूल," आई म्हणाली. "मग एक कधी, तीन कधी, ते लाकडाला कोण सांगतं?"

"तू वर बघत नाहीस. तिकडे उल्का होती की नव्हती ते तुला काय माहीत?"

"तुझ्याकडे होती की नव्हती, ते तरी मला कुठे माहीत असतं?" तिने कपात चहा गाळला. "तुझं तोंडचं लिहिते, तसं त्यांचं हातचं लिहिते. तुझ्यावर विश्वास ठेवायचा आणि त्यांच्यावर नाही, हे कुठल्या कायद्याने?"

मी कागदाकडे पाहिलं. तेव्हा मला ते ठिपके दिसले. माझ्या रकान्यात चार नोंदींपुढे पेनाचा एक-एक बारीक ठिपका होता. साडेदहाची. अकरा दहाची. बाराला पाच कमी असतानाची. पावणेदोनची.

चारच्या चार. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

"हे ठिपके कसले?" मी विचारलं.

"माझ्यापुरते आहेत. कोर्टात पण द्यायचे मी. लिहायचं सगळं, पण खोट्या बोलण्यापुढे एक ठिपका." तिने कप माझ्यापुढे सरकवला. "तू तेरा वर्षांची होतीस तेव्हा दादाला हरवायला एका रात्रीत अकरा खोट्या सांगितल्या होत्यास. त्या कागदावर पण आहेत. खरं सांगतेस तेव्हा तुझा आवाज पुढे पळतो, खोटं असलं की जागेवर उभा राहतो."

"बाबांच्या रकान्यात ठिपका नाही एकही."

"त्यांच्यात कधीच नव्हता."

चहा गार होत होता. तिचं डोकं ठिकाणावर होतं. माझ्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त ठिकाणावर होतं. आणि मग त्या एकोणीस नोंदींचं काय करायचं ते मला सुचेना. ती भ्रमिष्ट निघाली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

आणखीही एक गोष्ट होती. ती मी कोणालाच सांगितलेली नव्हती.

बाबा शेवटचे पंधरा दिवस हॉस्पिटलात होते. घशात नळी होती, त्यामुळे उरलंसुरलं बोलणंही गेलं होतं. पलंगाच्या कठड्यावर ते बोटाने ठोके द्यायचे आणि आई चष्म्याच्या काडीने पोच द्यायची. मग विचारायची, पाणी? उशी? नर्स? रात्री आम्ही आळीपाळीने थांबायचो. त्या रात्री माझी पाळी होती. दिवसभर काम करून, सात तास बसने प्रवास करून मी आले होते, आणि आल्यापासून आठ वेळा त्यांची उशी बदलली होती. पहाटे तीन-सव्वातीनला त्यांनी कठड्यावर ठोके दिले. तीन.

मी जागी होते. झोप लागली होती असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे, पण मी जागी होते. मला वाटलं, पुन्हा उशी. मी डोळे मिटून पडून राहिले. थोडं थांबून त्यांनी पुन्हा तीन ठोके दिले. मग आणखी थांबून आणखी तीन, अगदी हळू. मग थांबले. मला बरं वाटलं, झोपले वाटतं म्हणून. साडेपाचला नर्स आली आणि तिने दिवा लावला.

आईला मी सांगितलं, "झोपेतच गेले, शांतपणे. काही मागितलं नाही." तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं होतं आणि काही विचारलं नव्हतं. आता लाल दिव्यात तिचे ते चार ठिपके बघताना मला कळलं की त्या वाक्यापुढेही तिच्याकडे एक ठिपका असणार. तीन वर्षं ती तो जपून होती, आणि तरी मला रंग लाव म्हणत होती, माझी बॅग हातातून घेत होती.

"मी तुझ्याकडे आले," आई म्हणाली, "तर हे इथे वाजवत राहतील. पोच द्यायला कोणी नसेल. तुला माहीत आहे त्यांचा स्वभाव, हाक मारणार नाहीत. नुसती वाट बघतील. मला बाकी कशाची भीती नाही गं. तेवढी एक आहे."

मी पाटी परत तिच्याकडे सरकवली.

"बरं, असं करू," तिने दोन्ही कप उचलले. "अजून तीन तास अंधार आहे. तू लिही. मी तुझ्या खुर्चीत पडते. उजाडेपर्यंत उत्तरेचा रकाना कोरा राहिला तर मी येते तुझ्याबरोबर. बॅग माळ्यावर आहे, ती मात्र तूच काढ."

"आणि कोरा नाही राहिला तर?"

"तर दादाला सांग, आई कामात आहे."

मी शेडमध्ये तिच्या स्टुलावर बसले. पुढ्यात विटांची भिंत, मांडीवर पाटी, पाटीवर लाल उजेडाचा तुकडा. स्टूल अजून उबदार होतं. मी कानटोपी काढून खिशात घातली. ऐकायचं तर नीट ऐकायचं. आकाशाकडे पाठ करून बसलं की आकाश पाठीवर बसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ती हे वागवत होती.

"अगं बाई!" पूर्वेकडून आईचा आवाज आला.

"अगं बाई म्हणजे किती?"

"अं? तीन. चार असतं का गं?"

"तीनच असतं, आई. नियम तुला माहीत आहेत."

टक्. मी लिहिलं. मग तिने एक सांगितली, मग दोन, मग पुन्हा एक अगं बाई. प्रत्येक वेळी तिचा आवाज लहान मुलीसारखा पुढे पळत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे असं बघायचात होय तुम्ही? आणि मला नुसते आकडे सांगायचात?" त्या वाक्याला मी पोच दिली.

तीन वाजले, साडेतीन वाजले. उत्तरेचा रकाना मी पुन्हा पुन्हा बघत होते. आईच्या एकोणीस नोंदींखाली मी एक आडवी रेघ मारली होती आणि तिच्याखाली कागद कोरा होता. खुर्ची आता माझ्या उजव्या हाताला, पंधरा पावलांवर होती. वळून पाहिलं असतं तर दिसली असती. लाकूड एकदोनदा वाजलं. मी ऐकलं. तडकल्यासारखा एकच कोरडा आवाज, आत कुठेतरी. ते लाकूडच होतं, त्यात मला शंका नव्हती. मला धीर आला. उद्या बॅग काढायची, सिस्टरांना किल्ली द्यायची, दादाला कळवायचं, असं मी मनात लावायला लागले. आईचं वाईट वाटत होतं. सुटल्यासारखंही वाटत होतं.

चार वाजून सहा मिनिटांनी तीन ठोके आले.

पेराचे. हलके, सारख्या अंतराने, पहिला जरा दबका आणि तिसरा मोकळा, बाबा द्यायचे तसे. रोज कान तपासणारी मी, आवाज कुठून आला ते मला विचारावं लागत नाही. उजवीकडून, पंधरा पावलांवरून, आरामखुर्चीच्या हाताच्या उंचीवरून.

माझा हात पाटीवर होता. तो हलेना. शिट्टी नसताना बटण दाबणारी ती सगळी माणसं मला आठवली. वाटलं, तुलाही हवंय म्हणून ऐकू आलं, बाकी काही नाही. दाबू नकोस. रकाना कोरा ठेव. आई उद्या तुझ्या घरी असेल, उबेत, डॉक्टरांजवळ. तुझ्याशिवाय हे कोणाला कळणार आहे?

पूर्वेकडे आई होती. तिलाही ऐकू गेलं असेल का? तिचे कान मीच तपासते दरवर्षी, तिला पान पडलेलं ऐकू येतं. पण तिने ना आकडा सांगितला ना हाक मारली. तिने मला मुळीच मदत केली नाही.

थोडं थांबून पुन्हा तीन ठोके.

मी डोळे मिटून घेतले. आणि डोळे मिटताच मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत होते, औषधांच्या वासात, पायांवर शाल घेऊन, झोपल्याचं सोंग करत. तोच काळोख, तेवढीच शांतता, मधे तितकंच थांबणं. ते थांबणं मला पाठ होतं. तीन वर्षं रोज रात्री झोपताना मी ते मोजत होते. त्यानंतर काय येतं तेही मला माहीत होतं. आणखी एकदा, अगदी हळू, आणि मग कधीच नाही.

तीन ठोके आले. अगदी हळू.

मी पेन पाटीवर टेकवलं. टक्.

मी उत्तरेच्या रकान्यात चार-सहा लिहिलं, पुढे तीन लिहिलं, आणि कागदावर थेंब पडून तीनची शाई फुटली. चौथ्यांदा ठोके आले नाहीत. मी बराच वेळ वाट पाहिली, आले नाहीत. पोचली होती.

"कोणाची लिहिलीस?" पूर्वेकडून आईने विचारलं. ती काहीच बोलली नव्हती, आणि मी पोच दिली होती.

तुझीच, असं म्हणता आलं असतं. पण माझा आवाज जागेवर उभा राहिला असता आणि तिला कळलं असतं.

"बाबांची," मी म्हणाले. "तिसऱ्यांदा वाजवल्यावर दिली पोच. पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, आई. तेव्हाही आलं होतं. मी जागी होते."

आईची खुर्ची करकरली, मग पुन्हा स्थिर झाली.

"लगेच द्यायची गं," ती म्हणाली. "माणूस ताटकळतं."

"हो," मी म्हणाले, आणि उजाडेपर्यंत लिहीत राहिले.